डेल्टा हेज करूनही शॉर्ट कॉलमध्ये तोटा होत राहतो: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

कॉल (ठरलेल्या भावाला शेअर घेण्याचा हक्क) विकलाय, डेल्टाइतके शेअर घेऊन ठेवलेत (शेअर एक अंक हलला की कॉलचा भाव जितका हलतो, तो डेल्टा), रोज हा हेज, म्हणजे जोखीम झाकणारी शेअरची बाजू, जुळवताय, आणि तरी खात्यातून थोडे थोडे पैसे जातच आहेत. ऑप्शन विकणाऱ्यांच्या पोझिशन तपासताना हा बिघाड माझ्यासमोर इतक्या वेळा आलाय की तपासणीचा क्रम आता ठरून गेलाय. तोच इथे देतोय. आधी फुकटात आणि पाच मिनिटांत होणाऱ्या गोष्टी, मग वेळ खाणाऱ्या, आणि शेवटी त्या, ज्यांचं उत्तर बहुधा 'पोझिशन बंद करा' असंच निघतं.

मुळातली गोष्ट आधी सांगतो. शेअरने केलेला हेज फक्त दिशेची जोखीम काढतो. शेअरला गॅमा (डेल्टा बदलण्याचा वेग) नसतो, वेगा (व्होलॅटिलिटी बदलल्याचा भावावरचा परिणाम) नसतो, थीटा (दिवसागणिक घटणारं ऑप्शनचं मूल्य) नसतो. त्यामुळे हेज कितीही नीट केला तरी तुम्ही व्होलॅटिलिटी, म्हणजे शेअरच्या चढउताराची तीव्रता, विकलेलीच राहता. शेअर चढला की डेल्टा वाढतो आणि तुम्ही महाग घेता. पडला की डेल्टा कमी होतो आणि तुम्ही स्वस्तात विकता. प्रत्येक फेरीत यात थोडं नुकसान होणारच, आणि ते सोसण्याचा मोबदला म्हणूनच प्रीमियम मिळालेला असतो. तेव्हा शोधायचं ते एवढंच: होणारं नुकसान त्या मोबदल्यात बसतंय की नाही, आणि बसत नसेल तर गळती नेमकी कुठे आहे.

आकड्यांसाठी पूर्ण लेखात एकच उदाहरण वापरतो. शेअर १०० वर, स्ट्राइक (कॉलमध्ये ठरलेला भाव) १००, एक्स्पायरीला (कॉलची मुदत संपायला) २१ ट्रेडिंग दिवस, इम्प्लाइड व्होलॅटिलिटी (आयव्ही, म्हणजे ऑप्शनच्या भावात धरलेली वार्षिक व्होलॅटिलिटी) २५ टक्के, व्याज आणि लाभांश शून्य. १,००० शेअरवरचे कॉल विकलेत. ब्लॅक-शोल्स सूत्राने प्रीमियम साधारण २,८८० येतो, डेल्टा ०.५१४, म्हणजे हेजसाठी ५१४ शेअर. गॅमा असा की शेअर एक अंक हलला की सुमारे ५५ शेअरचा फरक पडतो. थीटा दिवसाला सुमारे ६८, आणि वेगा आयव्हीच्या एका टक्क्याला सुमारे ११५. आकडे कोणत्याही चलनातले समजा.

लक्षणं

तोटा कसा होतोय हे आधी पाहा, कारण निम्मं निदान तिथेच होतं.

- शेअर चढला की तोटा, पडला की नफा: शेअर कमी पडताहेत.
- पडला की तोटा, चढला की नफा: शेअर जास्त झालेत, किंवा स्क्यूचा (शेअरच्या भावाबरोबर आयव्ही उलट दिशेने बदलण्याचा) परिणाम आहे.
- दोन्हीकडच्या मोठ्या हालचालीत तोटा, शांत दिवशी थोडा नफा: हा बिघाड नाही, गॅमाचा स्वभाव आहे. फक्त प्रमाण तपासायचं.
- शेअर जागचा हलला नाही तरी एका दिवसात मोठा तोटा: आयव्ही वाढली.
- शांत दिवसांतही रोज बारीक तोटा: खर्च किंवा व्याज.
- शेवटच्या चार-पाच दिवसांत हेज एकदम पिसाटल्यासारखा वागतो: एक्स्पायरीजवळचा गॅमा.
- लाभांश, बोनस, स्प्लिट किंवा विलीनीकरणाच्या आसपास आकडे अचानक जुळेनासे होतात: कराराची मापं बदलली असतील.

पहिली तपासणी: चिन्ह आणि संख्या

हे कोणालाही सांगायला नको असं वाटतं, पण सर्वाधिक बिघाड इथेच सापडतात. कॉल विकला म्हणजे कॉलचा डेल्टा तुमच्या खात्यात उणे झाला, म्हणून शेअर विकत घ्यायचे. स्क्रीनवर उणे ५१४ दिसलं म्हणून ५१४ शेअर विकणारे लोक आहेत. त्यांची जोखीम मिटण्याऐवजी दुप्पट होते. कॉलचा उणे डेल्टा आणि शेअरचा अधिक डेल्टा यांची बेरीज शून्याच्या आसपास येते का, एवढं कागदावर लिहून बघा.

मग गुणाकार. स्क्रीनवरचा डेल्टा एका शेअरमागचा आहे, एका लॉटचा आहे की पूर्ण पोझिशनचा? ०.५१४ कुठे ५१.४ म्हणून दाखवतात, कुठे लॉटने गुणून. एका कॉन्ट्रॅक्टमागे शेअर किती, हे कराराच्या माहितीत वाचा, आठवणीवर विसंबू नका. स्प्लिट किंवा बोनसनंतर स्ट्राइक आणि शेअरची संख्या दोन्ही बदलून मिळतात, आणि जुन्या आकड्यांवर चालणारी एक्सेल शीट मुकाट्याने चुकीचं उत्तर देत राहते.

शेवटी ऑर्डर बुक उघडा. लिमिट ऑर्डर अर्धीच भरली असेल, तर तुमच्या शीटमध्ये ५१४ शेअर असतात आणि खात्यात ३००. शेअर चढला की तोटा होण्यामागे अनेकदा एवढंच कारण असतं.

दुसरी तपासणी: डेल्टा खरा आहे का

डेल्टा कुठे छापलेला नसतो, तो काढलेला असतो. काढताना वापरलेला एखादा आकडा शिळा असेल तर डेल्टाही शिळा.

आयव्ही कुठून आली ते बघा. व्यवहार कमी होणाऱ्या ऑप्शनमध्ये शेवटचा सौदा दोन तासांपूर्वीचा असू शकतो, आणि शेअर मधल्या काळात बराच सरकलेला असतो. त्या जुन्या भावातून काढलेली आयव्ही खोटी, म्हणून डेल्टाही खोटा. बिड (घेणाऱ्याचा भाव) आणि आस्क (विकणाऱ्याचा भाव) यांच्या मधल्या भावावरून आयव्ही काढा, आणि शेअरचा भावही त्याच क्षणाचा घ्या.

स्ट्राइक दूर असेल तेव्हा ही चूक किती मोठी होते ते पाहा. आपल्याच उदाहरणात स्ट्राइक ११० धरा. आयव्ही २५ टक्के असताना डेल्टा ०.१० येतो. आयव्ही ४० टक्के धरली तर ०.२२. म्हणजे १,००० शेअरमागे १०० घ्यायचे की २२०, हे सर्वस्वी त्या एका आकड्यावर अवलंबून आहे. एट द मनी कॉलमध्ये (शेअर स्ट्राइकच्या जवळ असताना) हाच फरक नगण्य असतो. म्हणून लांबचे कॉल विकणाऱ्यांनी ही तपासणी रोज करावी.

उरलेल्या दिवसांचाही घोळ होतो. एक पद्धत वर्षाचे ३६५ दिवस धरते, दुसरी २५२ ट्रेडिंग दिवस. दोन्ही चालतात, पण आयव्ही एका पद्धतीने काढून डेल्टा दुसऱ्या पद्धतीने काढला तर शेवटच्या आठवड्यात फरक ठळक दिसू लागतो.

या दोन्ही तपासण्या स्वच्छ निघाल्या तर हेजची मांडणी बरोबर आहे. पुढचे प्रश्न हेजच्या खर्चाचे आणि विकलेल्या भावाचे.

तिसरी तपासणी: रोजचा नफा-तोटा फोडून लिहा

ही फुकट आहे, पण चिकाटी मागते. माझा आग्रह असा की ही केल्याशिवाय पुढे काहीही बदलू नका. एक वही किंवा शीट घ्या आणि दिवसाच्या शेवटी चार आकडे लिहा: गॅमाने गेलेले, थीटाने आलेले, आयव्ही बदलल्याने आलेले किंवा गेलेले, आणि खर्च. त्यांची बेरीज खात्यातल्या प्रत्यक्ष बदलाशेजारी ठेवा.

गॅमाचा तोटा काढायला सोपं सूत्र आहे: गॅमाचा अर्धा, गुणिले हालचालीचा वर्ग. शेअर एक अंक हलला: ५५ चा अर्धा, साधारण २८ गेले. थीटाचे ६८ आले. निव्वळ ४० नफा. शेअर तीन अंक हलला: २७.६ गुणिले ९, सुमारे २४९ गेले, ६८ आले, निव्वळ १८० तोटा. हालचाल तिप्पट, पण गॅमाचा तोटा नऊपट. लोकांच्या मनात हे सरळ रेषेत बसलेलं असतं, म्हणून मोठ्या दिवसाचा तोटा त्यांना बिघाड वाटतो.

दोन्ही बाजू बरोबरीत सुटतात ती हालचाल म्हणजे आयव्ही भागिले २५२ चं वर्गमूळ. ते साधारण १६ येतं. २५ ला १६ ने भागा, दीडच्या जरा वर. शेअर रोज त्याहून कमी हलला तर तुम्ही कमावता, जास्त हलला तर गमावता. विकलेल्या प्रत्येक ऑप्शनसाठी हा एक आकडा डोळ्यांसमोर लिहून ठेवावा.

चढून परत खाली येण्यात काय होतं ते एकदा जवळून बघू. पहिल्या दिवशी शेअर १०३ ला गेला. नवा डेल्टा ०.६७५, म्हणून १०३ च्या भावाने सुमारे १६० शेअर आणखी घेतले. दुसऱ्या दिवशी शेअर पुन्हा १०० वर आला आणि डेल्टा जवळपास पूर्वीच्या जागी. ते १६० शेअर १०० ला विकले. शेअर आहे तिथेच आहे, आणि या फेरीत सुमारे ४८० गेले. दोन दिवसांचा थीटा १३७. हेज अगदी शिस्तीत झाला तरीही हे घडतं, आणि घडणारच. यात कोणाची चूक नाही. दोन दिवस लागोपाठ तीन टक्क्यांची हालचाल हे २५ टक्के व्होलॅटिलिटीपेक्षा फार जास्त झालं, एवढंच.

आयव्हीचा रकाना वेगळा ठेवण्याचं कारण असं की त्यातला तोटा नेहमी कायमचा नसतो. आयव्ही २५ वरून २८ झाली तर हिशेबात ३४५ चा खड्डा पडतो, म्हणजे पाच दिवसांचा थीटा एका झटक्यात गेला. पण शेअर पुढे खरोखर २५ टक्क्यांच्या गतीनेच हलला आणि तुम्ही एक्स्पायरीपर्यंत टिकलात, तर ते पैसे वाढलेल्या थीटातून परत येतात. टिकता येईल का, हा मार्जिनचा (ब्रोकरकडे ठेवाव्या लागणाऱ्या तारणाचा) प्रश्न आहे. त्याकडे शेवटी येतो.

बेरीज आणि खात्यातला बदल यांत थोडा फरक राहणारच, कारण ही सूत्रं अंदाजी आहेत. मोठ्या हालचालीत गॅमा स्वतःच बदलतो. पण रोज एकाच दिशेने, थीटाच्या निम्म्याहून मोठा फरक येत असेल तर पहिल्या दोन तपासण्यांकडे परत जा. काहीतरी निसटलं आहे.

चौथी तपासणी: हेज किती वेळा करताय

१९७३ मध्ये ब्लॅक आणि शोल्स यांनी मांडलेल्या गणितात हेज क्षणोक्षणी होतो आणि त्याला खर्च येत नाही. प्रत्यक्षात दोन्ही शक्य नाही, म्हणून मधला रस्ता निवडावा लागतो. चुकीचा मधला रस्ता हे बारीक गळतीचं नेहमीचं कारण.

आधी कमी हेज केल्याने काय होतं ते बघा. आयव्ही अगदी बरोबर ठरली, शेअर नेमका २५ टक्क्यांच्या गतीने हलला, आणि तुम्ही रोज एकदा हेज केला, तरी शेवटी नफा-तोटा शून्य येत नाही. आपल्या उदाहरणात त्याचं प्रमाण विचलन सुमारे ५५० येतं, म्हणजे प्रीमियमच्या जवळपास १९ टक्के. हा निव्वळ योगायोगाचा भाग आहे. कधी तुमच्या बाजूने, कधी विरुद्ध. तो निम्मा करायचा तर हेज चौपट वेळा करावा लागतो. म्हणून एका महिन्याच्या तोट्यावरून 'माझी पद्धत चुकते' असा निष्कर्ष काढू नका.

आता उलट बाजू. हेज चौपट वेळा केला की शेअरची उलाढाल साधारण दुप्पट होते, आणि बिड-आस्कमधला फरक व दलाली तितक्या पटीने जाते. प्रत्येक ऑर्डरमागे ठरावीक शुल्क असेल तर ते चौपट. हेन लीलंड यांनी १९८५ मध्ये या खर्चाचा हिशेब मांडला, त्याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे: ऑप्शन विकणाऱ्याने हा खर्च आपल्या व्होलॅटिलिटीत मिळवूनच भाव मागायला हवा. फुकटात हेज होईल असं धरून विकलेला कॉल पहिल्या दिवसापासून तोट्यात असतो.

मी स्वतः घड्याळापेक्षा पट्टा वापरणं पसंत करतो. हेज ठरावीक शेअरांनी चुकला की जुळवायचा, त्याआधी हात लावायचा नाही. सुरुवातीला पट्टा शेअरच्या एका दिवसाच्या बरोबरीच्या हालचालीइतका ठेवा. आपल्या उदाहरणात साधारण ८७ शेअर. खर्च जास्त असेल तर रुंद करा. बाजार बंद होताना मात्र एकदा बघा, कारण रात्रीत पडलेल्या गॅपला पट्टा अडवत नाही.

एक चाल आवर्जून टाळा. स्ट्राइक ओलांडला की सगळे शेअर घ्यायचे, खाली आला की सगळे विकायचे. वरवर पाहता यात डेल्टाची कटकट नाही आणि खर्चही शून्य वाटतो. पण शेअर स्ट्राइकच्या आसपास वर-खाली करू लागला की प्रत्येक फेरीत १,००० शेअरांवर थोडं थोडं जातं, आणि अशा फेऱ्या किती होतील याला मर्यादा नाही.

पाचवी तपासणी: पैशाचा खर्च आणि लाभांश

५१४ शेअर घ्यायला ५१,४०० लागले, प्रीमियम आला २,८८०. उरलेले साधारण ४८,५०० कुठून तरी आले आणि त्यांवर व्याज आहे. बाजारातला प्रीमियम काही एक व्याजदर धरूनच ठरलेला असतो, पण तुमचा दर त्याहून वर्षाला तीन टक्के जास्त असेल तर महिन्याला सुमारे १२० गेले. मोठा आकडा नाही, पण शांत दिवसांतला बारीक तोटा कुठून येतो याचं उत्तर बऱ्याचदा हेच असतं.

लाभांश असलेल्या शेअरमध्ये आधी पाहा की ऑप्शन एक्स्पायरीलाच वापरता येतो की केव्हाही. केव्हाही वापरता येत असेल आणि कॉल खोल इन द मनी (शेअर स्ट्राइकच्या बराच वर) असेल, तर एक्स-लाभांश तारखेच्या (ज्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला तो लाभांश मिळत नाही) आदल्या दिवशी असाइनमेंट, म्हणजे स्ट्राइकच्या भावाला शेअर देण्याची सक्ती, येऊ शकते. ओळखायची खूण: कॉलमध्ये उरलेलं वेळेचं मूल्य लाभांशापेक्षा कमी झालंय. तेव्हा डेल्टा १ धरा आणि सगळे शेअर हातात ठेवा. ०.९ वर थांबलात तर असाइनमेंटनंतर उरलेल्या शेअरांची शॉर्ट पोझिशन गळ्यात पडते आणि त्यांवरचा लाभांशही तुम्हालाच भरावा लागतो.

सहावी तपासणी: स्क्यू

शेअर पडला की आयव्ही वाढते, चढला की उतरते, असं शेअर आणि निर्देशांकांत सहसा दिसतं. ब्लॅक-शोल्सचा डेल्टा आयव्ही स्थिर धरतो. त्यामुळे शेअर पडतो तेव्हा कॉल अपेक्षेइतका स्वस्त होत नाही, आणि तुमचे शेअर मात्र पूर्ण पडतात. तुमच्या वहीत घसरणीच्या दिवशी आयव्हीच्या रकान्यात सतत तोटा आणि तेजीच्या दिवशी नफा दिसत असेल, तर डेल्टा थोडा कमी धरायला हवा. किती कमी, हे त्या शेअरच्या नोंदींवरून ठरतं. पुरेशा नोंदी नसतील तर हात लावू नका. अंदाजाने केलेली दुरुस्ती नवा बिघाड आणते.

सातवी तपासणी: विकलेला भावच कमी होता का

इथपर्यंत सगळं नीट निघालं तर उत्तर इथे आहे, आणि ते पचवायला अवघड जातं. शेअरच्या रोजच्या टक्केवारी बदलांचं प्रमाण विचलन काढा, २५२ च्या वर्गमुळाने गुणा. ही झाली प्रत्यक्ष व्होलॅटिलिटी. ती विकलेल्या आयव्हीपेक्षा जास्त असेल तर हेजमध्ये काहीही सुधारून उपयोग नाही. तुम्ही २५ ला विकलं आणि शेअर ३२ ने हलला, तर फरक तुमच्या खिशातून जाणार. हेज बारीक केल्याने तो तोटा फक्त जास्त नेमका होतो.

एकच मोठा दिवसही पुरतो. शेअर एका रात्रीत सहा टक्के वर किंवा खाली उघडला तर आपल्या उदाहरणात निव्वळ तोटा नऊशेच्या घरात जातो, म्हणजे तेरा दिवसांचा थीटा. मधल्या भावांवर सौदाच झाला नाही, मग हेज करणार कुठे? १९ ऑक्टोबर १९८७ रोजी डाऊ जोन्स एका दिवसात २२.६ टक्के पडला, तेव्हा भावामागे धावून हेज करणाऱ्या मोठमोठ्या संस्थांनाही हव्या त्या भावाला विकता आलं नव्हतं. निकाल किंवा मोठी घोषणा तोंडावर असेल तर इलाज शेअरमध्ये नाही; दुसरा ऑप्शन विकत घेऊन गॅमा कमी करा, किंवा विकलेला कॉल परत घ्या.

एक्स्पायरीच्या आदल्या दिवसाचं गणितही याच खात्यात येतं. एक दिवस उरलेला असताना आणि शेअर ९९ वर असताना आपल्या कॉलला २६४ शेअर हवेत. १०१ वर ७३९. दोन अंकांत पावणेपाचशे शेअरांची उलथापालथ. शेअर स्ट्राइकला चिकटून बसला असेल तर तिथे हेज करत बसू नका. उरलेला प्रीमियम थोडा असतो. तो देऊन मोकळं व्हा.

कुठे थांबायचं आणि जाणकाराला बोलवायचं

पहिल्या पाच तपासण्या स्वतः करता येतात. पुढील परिस्थितीत मात्र एकट्याने दुरुस्ती करू नये.

मार्जिन कमी पडतंय आणि शेअर चढतोय. विकलेल्या कॉलवरचं वाढीव मार्जिन आजच भरावं लागतं, पण शेअरवरचा नफा विकेपर्यंत हातात रोख म्हणून येत नाही. कागदावर हेज पूर्ण असतो आणि खातं सक्तीने बंद होतं. लगेच ब्रोकरच्या जोखीम विभागाला फोन करा आणि शेअर मार्जिनमध्ये धरले जातात का, किती धरले जातात, हे विचारा. उत्तर समाधानकारक नसेल तर कॉलचे काही लॉट परत घ्या. शेअर विकून रोख उभी करू नका. त्याने हेज सुटतो.

विलीनीकरण, कंपनीचं विभाजन किंवा विशेष लाभांश जाहीर झालाय. कराराची नवी मापं एक्स्चेंज ठरवतं, आणि ती कळेपर्यंत तुमचा डेल्टा निरर्थक आहे.

आठवडाभर वही लिहूनही न समजलेला फरक वाढतच चाललाय. किंवा एकाच शेअरवर अनेक स्ट्राइक आणि अनेक एक्स्पायरी साचल्यात. अशा पोझिशनला व्होलॅटिलिटीचा पूर्ण पृष्ठभाग (प्रत्येक स्ट्राइक आणि एक्स्पायरीची आयव्ही) धरून तपासणारा माणूस लागतो, एक्सेल पुरत नाही. पैसे घेऊन सल्ला देणारा नोंदणीकृत आहे ना, आणि त्याने स्वतः ऑप्शनच्या पोझिशन सांभाळल्या आहेत ना, हे दोन्ही विचारा.

जाताना सोबत न्या: कॉल विकल्याची तारीख, भाव आणि त्या वेळची आयव्ही, शेअरच्या प्रत्येक सौद्याची वेळ आणि भाव, रोजचा बंद भाव आणि बंद होतानाची आयव्ही, दलाली, व्याज आणि मार्जिनची विवरणपत्रं, आणि चार रकान्यांची ती वही.